मुलांना व्हॉट्सॲपवर निरोप देऊ नका: बडोद्यातल्या आमच्या फुटबॉल क्लबच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,
तसेच गेल्या बैठकीत मला ‘वही मिटा आता’ असं सांगणारे आमचे ज्येष्ठ सभासद,

सप्रेम नमस्कार.

येत्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर तीन ठराव आहेत: सल्लागार कंपनीने सुचवलेली पाच मुलं कमी करायची, रविवार सकाळचा मोफत सराव बंद करायचा आणि पिवळी जर्सी बदलून काळी आणायची. हे पत्र बंद पाकिटात दिलं असतं तर ते कपाटात राहिलं असतं. ज्यांच्या मुलांबद्दल हे ठराव आहेत ती माणसं क्लबची सभासद नाहीत, त्यांना सभेत बोलता येत नाही. म्हणून उघड लिहिते आहे.

मी शाळेत गणित शिकवलं. मुलगा बारा वर्षांखालच्या संघात खेळू लागला तेव्हापासून मैदानाच्या कडेला वही घेऊन बसते. तो शिकून पुण्याला नोकरीला गेला, माझी वही मात्र चालूच राहिली. कोण किती मिनिटं खेळला, गोल कितव्या मिनिटाला आणि कुठल्या बाजूने झाला, कुणाचा पाय कधी मुरगळला, सरावाला कोण आलं नाही आणि का. कुणी सांगितलं म्हणून मी हे लिहीत नव्हते. त्यामुळे क्लबने आता आकड्यांकडे बघायचं ठरवलं याचा सर्वांत जास्त आनंद मला व्हायला हवा होता. तो झालाही, कंपनीचा अहवाल हातात पडेपर्यंत.

गेल्या बैठकीत दोन तट पडले. एक बाजू म्हणाली, आता जमाना डेटाचा आहे, भावनेने क्लब चालत नाहीत. दुसरी म्हणाली, फुटबॉल काळजाने खेळतात, कागदाने नाही. दोन्हीकडची माणसं माझी आहेत. दोन्हीकडच्यांनी मला आपलं म्हणून पाहिलं नाही, हेही खरं. पण दोघांनाही आपल्याच मैदानावरची एक गोष्ट पुन्हा सांगायची आहे, कारण ती घडली तेव्हा आपण सगळे तिथे होतो.

काही वर्षांपूर्वीचा तो हंगाम आठवा. आपण आघाडी घ्यायचो आणि शेवटी शेवटी सामना घालवायचो. सामना संपला की सेव-उसळीच्या गाडीशी एकच वाक्य ऐकू यायचं, पोरांत जिगर राहिली नाही. आपले प्रशिक्षक मास्तर तेच म्हणायचे, पालक तेच म्हणायचे, आणि मुलं बुटांच्या नाड्या सोडत खाली मान घालून ऐकायची. हंगाम संपल्यावर मी पानं समोर पसरून बसले. आपल्यावर झालेल्या गोलांपैकी निम्म्याहून जास्त गोल शेवटच्या वीस मिनिटांतले निघाले. एवढं तर गाडीवाल्यालाही माहीत होतं. पण प्रत्येक गोलासमोर मी हेही लिहिलं होतं की चेंडू कुणाच्या अंगावरून गेला, कोण मागे पळून पोचू शकला नाही. तीच तीन-चार नावं पुन्हा पुन्हा येत होती. आणि ती आपली सर्वांत कष्टाळू मुलं होती, सरावाला कधी न चुकणारी.

मी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, सामन्याच्या दिवशी सकाळपासून काय खाल्लंस? एक जण पहाटे दुधाच्या पिशव्या टाकायचा, मग तरसालीहून सायकल मारत मैदानावर यायचा. सकाळच्या चहा-भाखरीवर तो दुपारी चारच्या उन्हात उतरत होता. दुसरा वडिलांच्या हाताखाली रंगकाम करून थेट यायचा. तिसऱ्याने उत्तरच दिलं नाही, आणि त्याच्या गप्प राहण्यात उत्तर होतं. त्यानंतर चार आयांनी मिळून सामन्याआधी तासभर केळी, गूळ-शेंगदाणे आणि मीठ घातलेलं लिंबूसरबत द्यायला सुरुवात केली. पुढच्या हंगामात ती शेवटची गळती पुष्कळ कमी झाली. ज्या मुलांना आपण भित्री म्हणत होतो ती उपाशी होती. हे आपल्याला प्रेमाने कळलं नाही. आपलं सगळ्यांचं त्यांच्यावर प्रेम होतं तरी कळलं नाही. ते वहीने दाखवलं. आणि वहीत ‘उपाशी’ असा रकाना नव्हता, त्यासाठी त्या मुलांजवळ जाऊन बसावं लागलं.

माझं सगळं म्हणणं या एका प्रसंगात आहे. पुढचं त्याच्या आधाराने बोलते.

आधी ज्येष्ठांशी. आकडा ही बाहेरून आलेली गोष्ट आहे, आपल्या मातीत ती नाही, असं तुम्ही म्हणालात. मग ५७७ हा आकडा काय आहे? १९४७ च्या मार्चमध्ये, इथेच बडोद्यात, होळकर संघाविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या विकेटसाठी केलेली भागीदारी. हजारे २८८, गुल महंमद ३१९. २००६ मध्ये कोलंबोत संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा जोडेपर्यंत जगात कुठल्याही जोडीने याहून मोठी भागीदारी केली नव्हती. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, दांडिया बाजारातल्या गणपतीच्या मांडवात तुमच्याच तोंडून ऐकलं आहे. तुमच्यापैकी कुणीही तो सामना पाहिलेला नाही. तो तुमच्यापर्यंत पोचला, कारण त्या दिवशी कुणीतरी स्कोअरबुक घेऊन बसलं होतं आणि एकेक धाव लिहीत होतं. त्या आकड्यावर बडोदेकर जीव टाकतात. तालमीतसुद्धा जोर-बैठका मोजूनच मारतात, आणि उस्तादाने मोजलं म्हणून कुणाची रग कमी होत नाही.

आपल्या क्लबच्या जुन्या सामन्यांचं मात्र काय उरलं आहे? ते पाहणारी माणसं एकेक करून जात आहेत आणि त्यांच्याबरोबर सामनेही जात आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आपल्या क्लबच्या खोलीतही कमरेएवढं पाणी होतं. माझ्या जुन्या वह्या खालच्या फळीवर होत्या. पाणी ओसरल्यावर सोळा वर्षांखालच्या संघातली मुलं न बोलावता आली, चिखलातून वह्या काढल्या, माझ्या गच्चीवर पानापानात वर्तमानपत्राचे तुकडे घालून चार दिवस वाळवल्या. आकडे वेगळे आणि जिव्हाळा वेगळा असं कुणी म्हणालं की मला ती गच्ची आठवते.

बैठकीत एका काकांनी १९९७ चा दाखला दिला. फेडरेशन कपचा उपांत्य सामना, १३ जुलै, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, एक लाख तीस हजारांहून जास्त प्रेक्षक. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त खेळाडूंना हिऱ्याच्या आकारात मांडणाऱ्या आपल्या ‘डायमंड’ रचनेसाठी गाजत होते, आणि ईस्ट बंगालचे पी. के. बॅनर्जी खेळाडूंना पेटवून सोडणाऱ्या त्यांच्या ‘व्होकल टॉनिक’साठी. ईस्ट बंगालने तो सामना ४-१ असा जिंकला, भाईचुंग भुतियाने हॅटट्रिक केली. काकांचा निष्कर्ष असा की आराखडा हरला आणि काळीज जिंकलं.

काका, तो सामना मलाही पाठ आहे. पण एका सामन्यावरून नियम काढता येत नाही. तीच रचना घेऊन मोहन बागान त्याआधी जिंकत आला होता. आणि पी. के. नुसते भाषण करणारे नव्हते. ते सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली खेळले होते, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या आणि १९६२ ला जकार्तात आशियाई सुवर्ण जिंकलेल्या संघांत. रहीमसाहेबांएवढा डोक्याने खेळाचा विचार करणारा प्रशिक्षक आपल्या देशात क्वचितच झाला. खेळाडूला काय बोललं की तो पेटेल हे ओळखायलासुद्धा त्याचं बारीक निरीक्षण लागतं.

आता कार्यकारिणीशी. इंग्लंडमध्ये चार्ल्स रीप नावाचे हवाई दलात हिशेबाचं काम केलेले एक अधिकारी होते. १९५० च्या मार्चमध्ये स्विंडनच्या मैदानावर, हाफटाइमनंतर, त्यांनी वही काढली आणि प्रत्येक चाल टिपायला सुरुवात केली. पुढे अनेक दशकं ते टिपत राहिले. मला त्यांच्याबद्दल फार आपुलकी वाटते. त्यांना दिसलं की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासनंतर होतात. त्यावरून त्यांनी सल्ला दिला की चेंडू लांब मारा, लवकर पुढे न्या. पण फुटबॉलमध्ये मुळात बहुतेक चालीच तीन पासांच्या आत तुटतात. मग गोलही तिथलेच जास्त दिसणार. पाहायला हवं होतं ते असं, की अशा शंभर चालींमागे गोल किती आणि लांबलेल्या शंभर चालींमागे किती. पुढच्या अभ्यासकांनी तसं पाहिलं तेव्हा चित्र बदललं, चांगल्या संघांच्या जास्त पासांच्या चाली सरस निघाल्या. रीप यांची नोंद प्रामाणिक होती. प्रश्न चुकीचा विचारला गेला, आणि त्याचे परिणाम इंग्लंडच्या फुटबॉलने बरीच वर्षं भोगले.

आपल्या अहवालात हीच चूक आहे. रविवारच्या सरावाबद्दल त्यात म्हटलं आहे की तिथून मुख्य संघात पोचणाऱ्या मुलांचं प्रमाण नगण्य आहे, सबब खर्च वाया जातो. कंपनीचं ॲप मुलाची नोंद कुठून सुरू करतं? त्याने बाराव्या-तेराव्या वर्षी फॉर्म भरून फी दिली तिथून. आज मुख्य संघात खेळणाऱ्या मुलांची नावं घ्या आणि माझ्या हजेरीच्या जुन्या पानांवर शोधा. त्यांतली कितीतरी मुलं सात-आठ वर्षांची असताना अनवाणी, रविवारी सकाळी, फुकट सरावाला आलेली सापडतील. ॲपने त्यांना पाहिलं तेव्हा ती आधीच आपली झाली होती. आणि जी मुलं खेळाडू झाली नाहीत, त्यांतला एक आज आपला लाइन्समन आहे. एक जण पैसे न घेता टेम्पोने गोलपोस्टची जाळी ने-आण करतो. प्रतापनगरच्या रेल्वे कॉलनीतली ती पाच-सहा पोरं, जी प्रत्येक सामन्याला ढोल घेऊन येतात, तीही रविवारचीच. अहवालात त्यांच्यासाठी रकाना नाही. रकाना नसणं आणि किंमत शून्य असणं या दोन गोष्टी कंपनीने एकच मानल्या आहेत.

लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबचा दाखला अहवालात मोठ्या अक्षरांत आहे. ब्रेंटफर्डनेही २०१६ मध्ये आपली अकादमी बंद केली होती, हे खरं. पण ती लंडनमधली अकादमी होती. मुलगा जरा चमकला की शेजारचे धनाढ्य क्लब त्याला उचलून न्यायचे. आपल्या रविवारच्या पोरांना उचलायला इथे कोण टपलं आहे? आणि पुढे २०२२ मध्ये ब्रेंटफर्डने अकादमी पुन्हा सुरू केली, हे अहवालात नाही.

पाच मुलांबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. त्यांना कमी केल्याचा निरोप व्हॉट्सॲपवर गेला, दोन ओळींचा, तोही इंग्रजीत. ठराव मंजूर होण्याआधीच गेला, हे सभेत विचारलं जाईलच. त्या पाचांतला एक, तो बुटका लेफ्ट बॅक, दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आला. आत ये म्हटलं तर आला नाही. म्हणाला, “टीचर, माझे मार्क किती कमी पडले?” मला सांगता येईना, कारण तो आकडा त्यालाही दाखवलेला नाही आणि मलाही नाही. ज्या आकड्यावर मुलाला घरी पाठवलं तो त्या मुलापासून लपवायचा, असलं गणित मी आयुष्यात शिकवलं नाही.

मग मी पाचही जणांच्या जन्मतारखा काढल्या. चौघांचा जन्म ऑक्टोबर ते डिसेंबरमधला आहे. वयोगटाची रेषा १ जानेवारीला पडते. जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात, पण तेरा-चौदाव्या वर्षी अकरा महिन्यांत मुलाची उंची, वजन, धाव सगळं बदलतं. म्हणून जगभर निवडलेल्या मुलांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं प्रमाणाबाहेर जास्त दिसतात. हा फुटबॉलच्या अभ्यासातला सर्वांत पक्क्या निष्कर्षांपैकी एक आहे. जीपीएसच्या बंडीने या मुलांचा वेग मोजला, धाव मोजली, आणि अखेर कॅलेंडर मोजलं. यावर साधा उपाय आहे: ट्रायलला पाठीवरचे क्रमांक वयाच्या क्रमाने द्यायचे, म्हणजे निवडणाऱ्याच्या डोळ्यांना कोण किती लहान हे दिसत राहतं. प्रयोग करून पाहिलं तेव्हा त्याने पक्षपात कमी झाला. याला ना कंपनी लागते ना ॲप. शंभर रुपयांचं कापडी नंबरांचं पुडकं पुरतं.

मला कंपनीला घालवायचं नाही. त्या बंड्या राहू द्या. कुठला मुलगा आठवड्यात किती पळला हे कळलं तर थकलेल्या पायावर आपण त्याला उतरवणार नाही. मात्र त्याच पैशातून आधी फिफाचा ‘११ प्लस’ हा वॉर्म-अप सगळ्या संघांना सक्तीचा करा. वीस मिनिटांचा आहे, साहित्य लागत नाही. नॉर्वेत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींच्या संघांवर करून पाहिला, २००८ मध्ये त्याचे निकाल प्रसिद्ध झाले, आणि दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या होत्या. आपल्या मुलींच्या संघात गुडघ्याच्या तक्रारी किती आहेत ते माझ्या वहीत तारखेनिशी आहे, अहवालात मुलींचा संघच नाही.

आणि एक कायद्याची गोष्ट. आपली बहुतेक मुलं १८ वर्षांखालची आहेत. त्यांच्या शरीराची, दुखापतींची, हालचालींची माहिती कंपनीच्या सर्व्हरवर जाते आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशा मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. आपण किती पालकांच्या सह्या घेतल्या? करार संपल्यावर ही माहिती कुणाची? करारनामा सभेत वाचून दाखवा, एवढीच विनंती.

आता जर्सी. मांडवीतल्या एका कापडवाल्याने उरलेलं पिवळं कापड फुकट दिलं म्हणून पहिला संघ पिवळ्यात उतरला, असं जुनी माणसं सांगतात. काळा रंग फोटोत उठून दिसतो आणि जास्त विकला जाईल असं अहवाल म्हणतो. वेल्समधल्या कार्डिफ क्लबच्या मालकांनी २०१२ मध्ये असाच बाजाराचा विचार करून निळी जर्सी लाल केली होती. ज्या क्लबला लोक ब्लूबर्ड्स म्हणतात त्याची जर्सी लाल! लोक विरोध करत राहिले आणि २०१५ च्या जानेवारीत निळा परत आला. आपल्याकडे १९११ ची आयएफए शील्ड जिंकणाऱ्या मोहन बागानच्या नावाआधी २०२० मध्ये एटीके या दुसऱ्या क्लबचं नाव लागलं, समर्थकांनी तीन वर्षं सोडलं नाही, आणि २०२३ मध्ये ते काढावं लागलं. तिथे हिरवा-मरून रंग शाबूत होता, तरी नुसत्या नावासाठी माणसं रस्त्यावर आली. हे हट्ट आहेत असं मी मानत नाही. ढोल वाजवणाऱ्या पोराला क्लबमध्ये मालकी नाही, शेअर नाही, मत नाही. त्याच्याकडे फक्त तो पिवळा रंग आहे.

पुन्हा ब्रेंटफर्डकडेच येते, कारण कार्यकारिणीला तो क्लब आवडतो आणि मलाही. २०१२ मध्ये मॅथ्यू बेनम या लहानपणापासूनच्या चाहत्याने तो विकत घेतला, संख्याशास्त्राच्या जोरावर बांधला आणि २०२१ मध्ये ७४ वर्षांनी इंग्लंडच्या सर्वोच्च विभागात नेला. पण चाहत्यांच्या ट्रस्टने क्लब देताना एक विशेष हिस्सा आपल्याकडे राखला, म्हणजे मैदानाचा सौदा त्यांना विचारल्याशिवाय होऊ नये. काय बदलायचं नाही ते आधी लिहून ठेवलं, म्हणून बाकी सगळं बिनधास्त मोजता आणि बदलता आलं.

आपल्या घटनेत तसं एक कलम घालावं, असा ठराव मी मांडणार आहे. मैदान, पिवळा रंग आणि रविवारचा मोफत सराव, यांना हात लावायचा असेल तर तीन चतुर्थांश सभासदांची संमती लागेल. त्याच कलमात, सतत तीन हंगाम क्लबसाठी काम केलेल्या पण फी न परवडणाऱ्या माणसाला मतासह सभासदत्व द्यावं. बाकी कॉर्नर कसे घ्यायचे, कुणाला किती मिनिटं खेळवायचं, कुठला मुलगा कुठल्या जागी जास्त चालेल, हे सगळं आकड्यांसमोर ठेवा, मास्तरांनीही ठेवावं, मी रात्र रात्र बसून मदत करीन. आपल्या विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना बोलावू या, त्यांना शिकायला मिळेल आणि माहिती गावात राहील.

मुलाला कमी करायचंच असेल तर त्याला आणि त्याच्या आई-वडिलांना समोर बसवून, त्याचं पान उघडून, त्यांना कळणाऱ्या भाषेत सांगा. मास्तरांनी सांगावं, अध्यक्षांनी शेजारी बसावं. त्या पाच मुलांना या रविवारी सभेआधी सरावाला बोलवा. बुटक्या लेफ्ट बॅकला मी कळवलं आहे. तो बूट घेऊन येईल का ते मला माहीत नाही.

सभा दहाला आहे. मी नऊ वाजता सगळ्या वह्या घेऊन खोलीत असेन. ज्यांना आपल्या मुलाचं, भावाचं किंवा स्वतःचं पान बघायचं असेल त्यांनी यावं, सभासद असोत वा नसोत. पानं जपून उलटा, पुराच्या पाण्याने ती कडेला चिकटली आहेत.

आपली,
मैदानाच्या कडेला वही लिहिणारी एक सभासद
बडोदे